नित्यकर्म आणि घरफोडी : मृच्छकटिकांतील एका भिंतीविषयीं

मृच्छकटिकाच्या तिसऱ्या अंकांतील शर्विलकाचा प्रवेश आजवर अनेकांनीं अनेक दृष्टींनीं पाहिला आहे. कोणी त्यांत केवळ हास्यरस पाहिला, कोणी चौर्यशास्त्रावरील लुप्त ग्रंथांचे अवशेष शोधिले, कोणी विद्वान परंतु वाट चुकलेल्या ब्राह्मणाची करुण कथा वाचिली. या सर्वांचें लक्ष चोराकडे लागलें. आम्हांस मात्र चोरापेक्षां त्यानें फोडिलेली भिंत अधिक बोलकी वाटत आली आहे. ती भिंत नेमकी तेथेंच कां फुटली, या साध्या प्रश्नाचें उत्तर कवीनें चोराच्याच तोंडून दिलें आहे, आणि तें उत्तर चोराच्या कौशल्यापेक्षां घरधन्याच्या दिनक्रमाविषयीं अधिक कांहीं सांगतें. तेवढ्याचाच विचार प्रस्तुत टिपणांत करावयाचा आहे.

प्रसंग वाचकांच्या परिचयाचा आहे. शर्विलक बागेच्या आवारास भगदाड पाडून आंत आला आहे आणि आतां चतुःशालेच्या भिंतीपुढें उभा आहे. तो एकदम हत्यार चालवीत नाहीं. जी जागा पाणी मुरून मऊ झाली असल्यामुळें फोडतांना आवाज होणार नाहीं, जेथलें भगदाड समोरून दिसणार नाहीं, जेथें क्षारानें विटा झिजल्या आहेत आणि जेथें बायकामाणसांशीं गांठ पडणार नाहीं, अशी जागा तो हातानें चांचपून शोधतो. ती त्यास लौकरच सांपडते. घरधनी रोज सूर्यदर्शनाच्या वेळीं तेथें पाणी सोडीत असतो. त्या नित्याच्या पाण्यानें जमीन नासली आहे, क्षारानें ती झिजली आहे, आणि उंदरांनीं माती उकरून तेथें ढीगही घातला आहे. उंदरांचा ढीग पाहतांच शर्विलक आपलें काम झालेंच असें समजतो.

येथें 'क्षारानें झिजलेली' या शब्दांचा अर्थ ग्रंथांतून शोधण्याची महाराष्ट्रीय वाचकास गरज नाहीं. भिंतीस लोणा लागणें म्हणजे काय, हें जुन्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या घरांत राहिलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. न्हाणीच्या बाहेरची भिंत, मोरीच्या तोंडाशेजारचा कोपरा, जेथें रोज पायांवर पाणी घेतलें जातें तो जोत्याचा भाग, या ठिकाणीं गिलावा फुगतो, बोट लावतांच माती भुगा होऊन गळते, आणि पुढें उंदीर व घुशी आपला संसार मांडतात. ही जागा घरांतल्यांच्या नजरेंतून निसटते, कारण ती त्यांच्या रोजच्या वहिवाटीची असते. परक्याच्या नजरेस ती प्रथम पडते.

चारुदत्ताचें अर्घ्य हें नित्यकर्म आहे. नैमित्तिक कर्माला तिथि असते, काम्य कर्माला इच्छा असते; नित्यकर्म मात्र रोज, त्याच वेळीं, बहुधा त्याच जागीं होतें. पाणी ओंजळभरच असतें, परंतु तें दररोज पडतें. एका दिवसाच्या पाण्यानें भिंत नासत नाहीं. कवीनें पाऊस, पूर किंवा गळकें छप्पर यांपैकीं कांहींही योजिलें नाहीं; धर्मशील गृहस्थाची सकाळची संध्याच योजिली, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. यांत कवीचा उपरोध आहे असें कोणी म्हणेल. असेलही. परंतु उपरोधासाठीं घेतलेली गोष्टसुद्धां प्रेक्षकांस पटण्याजोगी असावी लागते, आणि उज्जयिनीच्या प्रेक्षकांस ती पटली असली पाहिजे.

हा योगायोग एकट्याच अंकांत असता तर आम्ही त्यावर एवढा भर दिला नसता. पहिला अंक पाहावा. सांजवेळ आहे. गृहदेवतांचा बलि झाला आहे आणि चौकांत मातृदेवतांस बलि नेऊन ठेवण्यास चारुदत्त मैत्रेयास सांगतो. मैत्रेय कुरकुरतो, या वेळीं राजमार्गावर गणिका, विट, चेट आणि राजाचे लाडके फिरत असतात, असें त्याचें म्हणणें. विदूषक बोलतो म्हणून आपण हंसतों, पण तासागणिक रस्ता कोणाचा असतो याचें त्यास पक्कें ज्ञान आहे. अखेर रदनिका सोबतीस निघते आणि बाजूचें दार, ज्यास नाटकांत पक्षद्वार म्हटलें आहे, तें उघडलें जातें. त्याच क्षणीं शकाराच्या पाठलागानें घाबरलेली वसंतसेना पदराच्या वाऱ्यानें दिवा मालवून आंत शिरते. दिवा पुन्हां लावण्यास मैत्रेय आंत वळतो, आणि बाहेर अंधारांत शकाराच्या हातीं रदनिका लागते. म्हणजे सायंकाळच्या बलीमुळें दार उघडलें आणि सकाळच्या अर्घ्यामुळें भिंत पोखरली. वसंतसेनेचे अलंकार या घरांत आले ते एका नित्यकर्माच्या वाटेनें, आणि गेले ते दुसऱ्या नित्यकर्माच्या वाटेनें. भासाच्या नांवावर छापलेल्या 'चारुदत्त' नाटकांत हाच चोर सज्जलक या नांवानें येतो. दोन्ही नाटकांचा पौर्वापर्यसंबंध हा निराळा वाद आहे. त्यांत आम्ही येथें पडत नाहीं.

चोरीच्या रात्रीची घरची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. सोन्याचे दागिने असलेली पेटी दिवसा वर्धमानकानें व रात्रीं मैत्रेयानें सांभाळावी, असा चारुदत्ताचा नेम. दिवसा, म्हणजे घर जागें असतां, चाकर पहारा करणार. आणि रात्रीं, म्हणजे खरी भीति असतां, तें काम झोंपाळू ब्राह्मणाकडे! मैत्रेय बिचारा पेटी आंतल्या चौकांत ठेवावी असें सुचवितो, परंतु गणिकेच्या अंगावरचे दागिने कुलस्त्रियांच्या दालनांत जाऊं नयेत, या मर्यादेस्तव चारुदत्त तें नाकारतो. त्यांत ती रात्र रेभिलाच्या गाण्याची. दोघे मध्यरात्र उलटल्यावर परत येतात, पाय धुतात आणि अंग टाकतांच झोंपी जातात. मैत्रेय झोंपेंत बरळत पेटी चोराच्याच हवालीं करतो, येथें प्रेक्षक हंसतात. परंतु त्याआधींच घरच्या प्रत्येक चांगल्या संवयीनें, म्हणजे पूजेनें, मर्यादेनें, संगीताच्या आवडीनें आणि मित्रावरील विश्वासानें, आपापला वाटा उचलला होता.

आणखी एक गोष्ट. शर्विलक आंत शिरल्यावर मृदंग, वीणा, वेणु, पोथ्या पाहतो, पुरलेलें द्रव्य शोधण्यासाठीं मंतरलेलें बीं टाकून पाहतो, आणि मग त्यास कळतें कीं हें घर दरिद्र्याचें आहे. केवळ वाड्याच्या थोरपणावर विश्वासून तो आला होता. घरांत दागिने आहेत हें त्यास ठाऊक नव्हतें. तेव्हां त्यानें ऐवज पाहून घर निवडलें असें म्हणतां येत नाहीं. वाडा मोठा दिसला आणि भिंत ओली सांपडली, एवढेंच. मदनिकेस दास्यांतून सोडविण्यासाठीं त्यास धन हवें होतें हा हेतु खरा, परंतु हेतु त्यास उज्जयिनींतल्या कोणत्याही घराकडे नेऊं शकला असता.

चौर्यशास्त्राविषयीं मॉरिस ब्लूमफील्ड यांनीं १९२३ मध्यें लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे, आणि षण्मुखकल्प हा चोरी व जादू यांवरील ग्रंथ डीटर जॉर्ज यांनीं संपादून १९९१ मध्यें जर्मनींत प्रसिद्ध केला. या ग्रंथांची, तसेंच दशकुमारचरितांतील अपहारवर्म्याच्या हत्यारांची चर्चा पुष्कळ झाली आहे. फणिमुख, संदंशक, मानसूत्र, नकली डोकें, दिवा विझविण्यासाठीं भुंग्यांची डबी, ही यादी मोठी मनोरंजक आहे खरी. परंतु यांतील अर्धीअधिक हत्यारें भिंतीसाठीं नसून माणसांसाठीं आहेत. नकली डोकें कशासाठीं? भगदाडाआड कोणी जागा असल्यास पहिला घाव त्यावर पडावा म्हणून. भुंगे कशासाठीं? लोक निजतांना दिवा ठेवतात म्हणून. शर्विलकही दिव्याचा उजेड तोंडावर धरून, श्वास एकसारखा आहे कीं नाहीं हें पाहून, झोंप खरी कीं सोंगाची याची परीक्षा करतो, आणि दार करकरेल म्हणून त्यावर शिंपडण्यास पाणी शोधतो. दुसऱ्याच्या संवयींचा बारीक अभ्यास हेंच या शास्त्राचें खरें अंग होय.

पाश्चात्य समाजशास्त्रज्ञ या विचाराकडे फार उशिरां वळले. कोहेन व फेल्सन या अमेरिकन पंडितांनीं १९७९ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, गुन्ह्यास प्रवृत्त झालेला मनुष्य, हातीं लागण्याजोगी वस्तु आणि समर्थ रक्षकाचा अभाव, हीं तीन एका स्थळीं व एका काळीं जुळलीं म्हणजे गुन्हा घडतो. आणि तीं जुळतात तीं लोकांच्या नित्य व्यवहारामुळें. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत सुबत्ता वाढली असतांही चोऱ्या वाढल्या, याचें कारण त्यांनीं दिवसभर रिकामीं राहणारीं घरें व उचलून नेण्यास हलक्या झालेल्या मौल्यवान वस्तु यांत शोधिलें. सिद्धान्त चांगला आहे. मैत्रेयाच्या कुरकुरीपुढें तो फार नवा मात्र वाटत नाहीं.

आमच्या शास्त्रकारांनीं हा विचार सूत्ररूपानें मांडला नाहीं, पण व्यवस्था लाविली ती याच जाणिवेनें. मनूच्या नवव्या अध्यायांत राजानें कोठें पहारे व हेर ठेवावे याची यादी आहे : सभागृहें, पाणपोया, अपूप विकण्याचीं दुकानें, मद्यगृहें, वेश्यागृहें, चव्हाटे, चैत्यवृक्ष, जत्रा व तमाशे, जुन्या बागा, ओसाड घरें, कारागिरांच्या शाळा. यांत दोनच प्रकारच्या जागा आहेत. एक, जेथें लोक रोज गर्दीनें जमतात; दुसरी, जेथें कोणीच जात नाहीं. चोरास दोन्ही सोईच्या.

कौटिल्य याहून पुढें जातो. म्हैसूर येथें शामशास्त्र्यांनीं १९०९ मध्यें छापिलेल्या व पुढें रा. प. कंगले यांनीं १९६० मध्यें मुंबई विद्यापीठातर्फें संशोधून काढिलेल्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नागरिकाचें प्रकरण आहे. रात्र पडल्यावर सहा नालिकांनीं आणि पहाट होण्यापूर्वीं सहा नालिका तूर्य वाजावें, आणि मधल्या वेळांत हिंडणाऱ्यास दंड व्हावा, मधल्या प्रहरीं दुप्पट. नालिका चोवीस मिनिटांची धरली तर सहा नालिका म्हणजे सुमारे अडीच तास होतात. येथवर कोणताही कडक अंमलदार जाईल. कौटिल्याचें वैशिष्ट्य अपवादांत दिसतें. सुईण किंवा बाळंतपण, वैद्य, प्रेतयात्रा, दिवा घेऊन जाणें, नागरिकाचें तूर्य, खेळ पाहणें, आग आणि मुद्रा असलेला प्रवासी, यांस पकडूं नये. जन्म, आजार, मरण व आग यांस वेळ ठरवून देतां येत नाहीं, हें त्यानें मान्य केलें आहे. कांहीं रात्री तर संचाराच्या म्हणून मोकळ्या सोडलेल्या असत. त्या रात्रीं वेष पालटून, दंडा किंवा शस्त्र घेऊन फिरणाऱ्यावर मात्र नजर होती. घरधन्यांनीं रात्रीं आपापल्या दाराशींच असावें, असेंही त्याच प्रकरणांत आगीच्या नियमांबरोबर सांगितलें आहे. चारुदत्तानें एवढें तरी पाळलें असतें तर!

याच प्रकरणांतील एक वाक्य आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. ज्यास अडवूं नये त्यास अडविणाऱ्या आणि ज्यास अडवावें त्यास सोडणाऱ्या पहारेकऱ्यांस दुप्पट दंड सांगितला आहे. रात्रीचा नियम केला कीं चोराची संधि कमी होते, पण पहारेकऱ्याची संधि जन्मास येते, हें कौटिल्यानें ओळखलें होतें. पुण्याच्या इतिहासांत याचें उदाहरण फार दूर शोधावें लागत नाहीं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशवाईंत चाकरीस असलेल्या टोन नांवाच्या इंग्रजी लेखकानें पुण्याच्या रात्रीच्या तोफेचें वर्णन केलें आहे. तोफ झाल्यावर रस्त्यांत कोणी सांपडला कीं गस्तवाले त्यास धरून ठेवीत. खुद्द पेशव्यांसही एकदां रात्रभर अटकेंत राहावें लागलें, असें तो लिहितो. पेशव्यांची गोष्ट दंतकथा म्हणून सोडून देऊं. नियमाचा दरारा तीवरून कळतो. या दराऱ्याचा अधिकारी घाशीराम कोतवाल १७७७ मध्यें नेमला गेला. १७९१ च्या ऑगस्टांत, दक्षिणेसाठीं पुण्यांत आलेल्या तैलंगी ब्राह्मणांस त्याच्या बागेंतील कणसें किंवा फळें तोडल्याच्या आरोपावरून पकडून एका कोंदट कोठडींत कोंडण्यांत आलें, व एकवीस जण गुदमरून मेले असें सांगतात. ३१ ऑगस्ट रोजीं घाशीरामास दगडांनीं ठेंचून मारण्यांत आलें. मोरोबा कान्होबांच्या १८६३ च्या पुस्तकापासून तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकापर्यंत या पुरुषाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस त्यांतील एवढेंच प्रयोजन कीं, श्रावणांतील दक्षिणा हा पुण्याचा वार्षिक नेम होता. दरवर्षीं ठरल्या महिन्यांत परगांवचे, ओळखपाळख नसलेले, रात्रीं कोठें टेकावें याची पंचाईत असलेले शेंकडों ब्राह्मण शहरांत येत. भुकेल्या माणसांपुढें बाग होती, आणि कोतवालापुढें निराधार परके होते. दोघांचीही संधि एकाच नेमानें जुळवून आणिली.

खेड्यांची व्यवस्था याहून निराळी, आणि आमच्या मतें शहाणपणाची होती. याज्ञवल्क्यानें चोर ओळखण्याच्या खुणांत मुद्देमाल आणि पाऊल या दोन प्रथम सांगितल्या आहेत. माग गांवाबाहेर गेलेला न दिसला तर दोष गांवच्या स्वामीचा, गायरानांत झाला तर गायरानाच्या अधिकाऱ्याचा, इतरत्र वाटेवर झाला तर चोर धरण्यास नेमलेल्याचा, अशी जबाबदारीची वांटणी त्यानें केली. कल्याणीच्या विज्ञानेश्वरानें त्यावर मिताक्षरा लिहिली. आणि एल्फिन्स्टन १८१९ च्या आपल्या अहवालांत पेशव्यांच्या मुलखाविषयीं लिहितो तेव्हां जवळजवळ हाच व्यवहार त्यास दिसतो. गांवचा जागल्या, मग तो रामोशी असो कीं महार असो कीं भिल्ल असो, चोराचा माग काढीत शिवेपर्यंत जाई व तेथें तो पुढच्या गांवच्या जागल्याच्या हवालीं करी. माग जेथें नाहींसा होई त्या गांवावर भरपाई येई. या पद्धतींत जागल्यास गांवांतल्या प्रत्येकाचा रोजचा क्रम ठाऊक असावा लागे : कोण केव्हां शेतावर जातो, कोणाकडे पाहुणा आला आहे, कोणाच्या चुलींतून अवेळीं धूर निघतो. चोर ज्या ज्ञानावर जगतो तेंच ज्ञान गांवानें वतन देऊन आपल्या बाजूस बांधून घेतलें होतें. स्मृतींतील विधान आणि बाराव्या शतकांतील टीका यांपासून एकोणिसाव्या शतकांतील वहिवाटीपर्यंत ही परंपरा अखंड होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण साम्य इतकें आहे कीं, आपल्या संग्रहांतील महजर व चोरीचे कज्जे या दृष्टीनें पुन्हां वाचावे, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे. शिवेवर माग हवालीं केल्याचा उल्लेख एखाद्या मोडी कागदांत एका ओळींतही येऊन जातो.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती आमच्या दोषाची आहे, आणि ती सांगितल्यावांचून हें टिपण लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्याच्या पोथ्यांची यादी आम्हीं केली. घराण्याचें व गांवाचें नांव येथें देत नाहीं. त्या घरीं असा नेम होता कीं, पाऊस उघडल्यावर, घटस्थापनेच्या आधींच्या दिवसांत, बस्ते सोडून सर्व पोथ्यांस माडीवरील गच्चींत ऊन द्यावयाचें. वाळवी व कसर यांपासून त्या पोथ्या दोनशें वर्षें वांचल्या त्या या नेमामुळेंच. त्या तीन दिवसांत घराचीं दारें उघडीं असत, बायकामाणसें नवरात्राच्या तयारींत गुंतलेलीं असत, आणि ओळखीचा कोणीही मनुष्य माडीवर जाऊन पोथ्या चाळूं शके. हा उदारपणा आम्हांस फार भावला. म्हणून यादी प्रसिद्ध करतांना, संग्रह पाहूं इच्छिणाऱ्यांनीं अमुक दिवसांत जावें म्हणजे सर्व पोथ्या उघड्या मिळतील, अशी सूचना आम्हीं कृतज्ञतेच्या भरांत शेवटीं जोडली.

दुसऱ्या वर्षीं बस्ते पुन्हां सोडले तेव्हां एका रुमालांत दोन लांकडी फळ्या तशाच होत्या. मध्यें बरोबर तेवढ्याच जाडीचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा कापून ठेविला होता. कोणी नेली हें अखेरपर्यंत कळलें नाहीं. घरधनी वृद्ध होते. त्यांनीं आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. उलट, आपल्या घरीं आलेला मनुष्य रिकाम्या हातानें गेला नाहीं, असें हंसून म्हणाले. चारुदत्तही असेंच म्हणतो, हें त्यांस ठाऊक होतें कीं नाहीं तें आम्हीं विचारलें नाहीं. पुढें त्यांच्या चिरंजीवांनीं ऊन देण्याचा नेम बंद केला आणि बस्ते कुलपांत ठेविले. कांहीं वर्षांनीं आम्हांस पुन्हां तेथें जाण्याचा योग आला तेव्हां आणखी दोन बस्ते वाळवीनें खाऊन भुगा झालेले होते.

गेलेली पोथी मिताक्षरेच्या व्यवहाराध्यायाची होती. अक्षर ठसठशीत देवनागरी, चुका हरताळ लावून दुरुस्त केलेल्या, आणि स्तेयप्रकरणाच्या समासांत दुसऱ्या हातच्या बारीक मोडी टिपा होत्या. शेवटच्या पानाचा उजवा कोपरा कुरतडलेला असून मध्यें एक पान उलटें शिवलेलें होतें. त्या मोडी टिपा उतरून घेण्याचें काम आम्हीं पुढच्या वर्षावर टाकिलें होतें. अशा लक्षणांची पोथी कोणा वाचकाच्या किंवा संस्थेच्या संग्रहीं आली असल्यास त्यांनीं चौमासिकाच्या पत्त्यावर कळवावें. ती कशी आली याची विचारपूस करण्यांत येणार नाहीं. पोथी परत न मिळाली तरी समासांतील टिपांची नक्कल मिळाल्यास त्या घराण्यास पोंचविण्याची व्यवस्था आम्ही करूं.